रोड नंबर सोळा, दुसरी पाळी

एकतीस वर्षं मी लोखंड गोल करतोय
वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाला,
जिथे समोरची रंगाची फॅक्टरी गेली,
काचेची इमारत आली,
आणि आमचं पत्र्याचं छप्पर
दुपारी त्या काचेत आम्हालाच दिसू लागलं.

लेथ माझी बटाल्याची.
तिच्यावर जॉब मी डोळे मिटून सेंटर करतो,
एक थाउ इकडे, अर्धा थाउ तिकडे,
बोटाच्या शेवटच्या पेराला कळतं.
ओतारी मास्तरांनी शिकवलं म्हणतो,
पण शिकवलं असं काही नव्हतंच.
चहा आण म्हणाले, बर झाड म्हणाले,
आणि दोन वर्षांनी एका संध्याकाळी
चालू मशीन सोडून बिडी ओढायला गेले
ते अर्धा तास आलेच नाहीत.

त्या अर्ध्या तासालाच मी
आजवर शिक्षण म्हणत आलो.

मग एका सोमवारी क्रेनने नवं मशीन उतरलं.
नवं म्हणजे आमच्यासाठी, चाकणला सात वर्षं राबलेलं,
पांढरं, दार असलेलं, फ्रीजसारखं.
आणि त्याच्यासोबत हर्षाली तांडेल, चेंदणीची,
वय बावीस, सेफ्टी शूज एक नंबर मोठे.
म्हणाली, ‘काका, आधी मशीनला सांगायचं,
शून्य कुठे आहे ते.’

एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं
शून्य कुठे आहे.

पोराची दहावीची भूगोलाची वही,
मागची कोरी पानं.
जी झिरो झिरो : धाव.
जी झिरो वन : कापत जा.
जी झिरो फोर : आहेस तिथे थांब, जरा वेळ.
बायको कणीक मळता मळता विचारते,
हे कसले मंत्र, आणि कुणावर टाकायचे?

तिसऱ्या आठवड्यात टूलला लिहिलं, मागे जा,
शंभरवर जा.
शंभरपुढचं टिंब राहिलं.
मशीनने शंभर म्हणजे केसाएवढं काहीतरी धरलं
आणि टूल मागे यायचं ते
सरळ जॉबच्या पोटात घुसलं.
आवाज पार गेटवरच्या वॉचमनला गेला.
शेठ आले, तुटलेली टिप उचलून बघितली,
काही न बोलता खिशात घालून गेले.
बोलले असते तर बरं झालं असतं.

चौथीत असाच एक अनुस्वार राहिला होता.
निबंधात ‘मला फार खत वाटते’ लिहिलं,
बाईंनी अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं.
कान तेव्हा जितके लाल झाले
तितकेच चोपन्नाव्या वर्षीही होतात,
हे एक नवीन कळलं.

हर्षाली हसली नाही.
तिने नवी टिप लावली, स्क्रीन माझ्याकडे वळवली,
म्हणाली, ‘परत लिहा.’

काल रात्री साडेनऊला मीच तिला थांबवलं.
स्पिंडल बंद कर, बेअरिंग बोलतंय.
ती म्हणाली, अलार्म तर काही नाही.
नसेल.
‘मग तुम्हाला कसं कळलं?’
मी म्हटलं, घरघर येते.
घरघर नाही, कुरकुर.
कुरकुर पण नाही गं,
शेजारच्या खोलीत कुणीतरी
चोरून पापड मोडतंय, तसं.
तिने वहीत ‘पापड’ लिहिलं,
बघत राहिली, खोडलं,
खाली पुन्हा ‘पापड’च लिहिलं.

मी मोठा स्क्रूड्रायव्हर दिला तिला.
टोक हेडस्टॉकला, मूठ कानाला.
आणि आवाज ओळखून द्यावा म्हणून
तोंड उघडलं,
तर एकदम ओतारी मास्तरांची पाठ आठवली,
दाराबाहेर जाणारी.

‘मी चहा पिऊन येतो,’ म्हटलं.

टपरीवर दोन कटिंग घेतले, एकट्यानेच.
आत काय चाललंय ते इथून ऐकू येत नव्हतं,
तिला पापड सापडला की नाही, कळायला मार्ग नव्हता.
टपरीवाल्याने पाटीवर खडूने
माझ्या नावापुढे वीस लिहिलं.
मी म्हटलं, थांब,
आणि त्याच्या हातातला खडू घेऊन
विसाच्या पुढे नीट
एक टिंब दिलं.